दुखणं अंगावर काढणारा प्राणी

पाळीव उंदरांच्या आजारपणावरच्या पुस्तिकेची प्रस्तावना

हौसेनं उंदीर पाळणारी मराठी माणसं आहेत, हे पुष्कळांना ही पुस्तिका हातात पडेपर्यंत ठाऊकही नसेल. बेंगळुरूच्या एचएसआर लेआउटमध्ये ती आहेत, पण याबद्दल फारशी बोलत नाहीत. भाड्याच्या फ्लॅटमध्ये घरमालक कुत्र्याला नाही म्हणतो, मांजराला नाक मुरडतो. पुस्तकांच्या कपाटाशेजारी मावणाऱ्या पिंजऱ्याबद्दल मात्र तो विचारत नाही आणि आपणहून कोणी सांगत नाही. नाशिकहून, कोल्हापूरहून आईवडील राहायला येणार असले की पिंजरा आतल्या खोलीत जातो. ‘हॅमस्टर आहे’ असं सांगून वेळ मारून नेणारेही मला माहीत आहेत.

उंदीर आजारी पडला की ही लपवालपवी अंगाशी येते. ‘उंदराला डॉक्टरकडे नेतोय’ असं म्हटल्यावर समोरचा हसणार, हे आधीच माहीत असल्यामुळे माणूस फोन करायला एक दिवस घालवतो. इकडे उंदीरही आपलं दुखणं दाखवत नसतो. तो आजार लपवतो, आपण त्याला लपवतो, आणि मधल्या मधे वेळ निघून जातो. माझ्या मते या विषयातली खरी अडचण एवढीच आहे. लक्षणं ओळखणं तितकं अवघड नाही.

आपल्या संकोचाला इतिहास आहे, तो हसण्यावारी नेण्यात अर्थ नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि दोन वर्षांत बेंगळुरूपर्यंत पोहोचला. त्या साथीनं पुण्यात रँडचा खून घडवला, परळला हाफकिनची प्रयोगशाळा आणली आणि बेंगळुरूला मल्लेश्वरम, बसवनगुडी या मोकळ्या हवेच्या वसाहती दिल्या. घरात मेलेला उंदीर दिसला की बिऱ्हाड माळावर हलवायचं, ही आठवण कितीतरी मराठी घरांत पणजोबांच्या तोंडून खाली आली आहे. २००५च्या २६ जुलैच्या पुरानंतर तिच्यात लेप्टोस्पायरोसिसची, म्हणजे लेप्टोची, भर पडली. सिद्धिविनायकाच्या देवळात चांदीच्या मूषकाच्या कानात इच्छा सांगायला रांग लागते, हे खरंच. पण तेवढ्यानं स्वयंपाकघरातल्या उंदराची कोणी गय करत नाही.

पिंजऱ्यातला उंदीर या इतिहासातला नाही, निदान थेट नाही. जुन्या घरांच्या आढ्यात आणि माळ्यावर वावरणारा काळा उंदीर ही वेगळी जात. पाळीव उंदीर तपकिरी उंदराच्या वंशातला. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये तो माणसाळला. राणी व्हिक्टोरियाचा उंदीरपकड्या म्हणवणारा जॅक ब्लॅक वेगळ्या रंगांची पिल्लं राखून ठेवायचा आणि विकायचा. पुढे १९०६ साली फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत पांढऱ्या उंदरांचा एक वाण पद्धतशीर वाढवायला सुरुवात झाली आणि जगभरच्या प्रयोगशाळांत तो पसरला. त्यामुळे एक विचित्र परिस्थिती तयार झाली आहे. ज्यांच्या शरीराची आणि रोगांची सर्वांत बारकाईनं नोंद झाली आहे अशा मोजक्या प्राण्यांत उंदीर येतो. मात्र ते सगळं ज्ञान माणसाच्या औषधांसाठी जमवलेलं. उंदीर बरा व्हावा म्हणून ते वापरणारा डॉक्टर शोधायला निघालं की खरं घोडं अडतं.

आता मूळ मुद्दा. उंदीर हा सगळ्यांचं भक्ष्य. घुबड, साप, मांजर, कोणीही त्याच्यावर टपलेलं असतं. कळपात लंगडणारा आधी उचलला जातो, म्हणून लंगडणं शेवटपर्यंत दाखवायचं नाही हे त्याच्या रक्तात आहे. ताप असतानाही तो खाऊ घ्यायला दारापाशी येतो. खाऊ घेतो, कोपऱ्यात नेतो आणि तिथे तसाच ठेवून देतो. आपण पिंजरा लावून निघून जातो, ‘खाल्लं’ अशा समजुतीनं. त्रासलेला किंवा घाबरलेला उंदीर आवाज काढतो तोही साधारण २२ किलोहर्ट्झच्या पट्टीत, आणि माणसाचा कान २० किलोहर्ट्झच्या आसपास थांबतो. म्हणजे तो ओरडत असला तरी आपल्यापर्यंत ते पोहोचत नाही.

त्याचा चेहरा मात्र बोलतो. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली उंदराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजायची पट्टी प्रसिद्ध केली. डोळे बारीक होणं, एरवी फुगीर असलेला नाकागालाचा भाग सपाट होणं, कान आत वळून टोकदार दिसणं आणि मिशांची ठेवण बदलणं, अशा चार गोष्टी तिच्यात पाहिल्या जातात. पुस्तिकेत त्याची चित्रं आहेत. ती बघून झाल्यावर आपला उंदीर निरोगी असतानाचे दोनतीन फोटो नीट उजेडात, बाजूनं काढून ठेवा. आजारी दिवशी तुलना करायला तेच लागतात. पुस्तकातला उंदीर आणि आपला उंदीर यांच्या चेहऱ्यात फरक असतो.

दुसरी गोष्ट वेळेची. पाळीव उंदीर दोन-अडीच वर्षं जगतो, फार तर तीन. माणसाच्या पंचाहत्तरीशी हिशेब मांडला तर त्याचा एक दिवस आपल्या महिन्याएवढा भरतो. हा हिशेब ढोबळ आहे, पण शुक्रवारी रात्री शिंका सुरू झाल्यावर ‘सोमवारी बघू’ म्हणताना तो डोळ्यांसमोर असावा. त्याचं हृदय मिनिटाला तीनशेच्या वर ठोके देतं. त्याचा आजारही त्याच घाईनं चालतो. कुत्र्यामांजरांच्या बाबतीत ‘दोन दिवस वाट बघू’ हा सल्ला अनेकदा शहाणपणाचा असतो. उंदराच्या बाबतीत तो बहुतेक वेळा चुकीचा आहे.

या पुस्तिकेतलं सर्वांत लांब प्रकरण श्वासावर आहे आणि ते तसंच हवं होतं. मायकोप्लाझ्मा नावाचा जंतू जवळजवळ प्रत्येक पाळीव उंदराच्या फुप्फुसात मुक्कामाला असतो. आईकडून पिल्लाकडे येतो आणि जन्मभर राहतो. तो समूळ जात नाही. त्याला दाबून ठेवता येतं, इतकंच. थंडी, ओल, ताण, नव्या उंदराचं आगमन, पिंजऱ्यातल्या मुताचा उग्र वास यांपैकी काहीही निमित्त मिळालं की तो डोकं वर काढतो. नव्या घरी आलेलं पिल्लू पहिले काही दिवस शिंकतं, त्यानं घाबरून जायचं कारण नाही. शिंकांबरोबर आवाज येऊ लागला तर मात्र थांबू नये. हा आवाज ऐकायची पद्धत साधी आहे. उंदराला दोन्ही हातांत धरून त्याची बरगडी आपल्या कानाला टेकवायची. निरोगी उंदराच्या छातीत शांतता असते. आजाऱ्याच्या छातीत बारीक चरचर, घरघर, कधी कबुतरासारखी घुटर्र ऐकू येते. (मूषकाच्या कानात बोलण्याची सवय आपल्याला आहेच, इथे आपला कान त्याच्याकडे न्यायचा.)

श्वास घेताना कुशी आत ओढल्या जात असतील तर त्याच दिवशी डॉक्टर. तोंड उघडं ठेवून श्वास चालू असेल, मान वर ताणलेली असेल, पंजे किंवा शेपटी निळसर-पांढुरकी पडली असेल, तर त्याच तासाला. उंदीर एरवी नाकानंच श्वास घेतो. तोंड उघडण्याची पाळी आली याचा अर्थ बाकीचे मार्ग संपले. त्याचं डावं फुप्फुस एकाच खंडाचं असतं, उजवं चार खंडांचं. एवढ्याशा जागेत सूज आली की उरतं किती, याचा अंदाज करावा.

लाल अश्रूंनी जितकी माणसं घाबरवली आहेत तितकी दुसऱ्या कशानं नसतील. सकाळी पिंजरा उघडावा तर डोळ्याभोवती, नाकाशी रक्त सुकल्यासारखं. बहुतेक वेळा ते रक्त नसतं. डोळ्यामागच्या हार्डेरियन ग्रंथीतून पॉर्फिरिन नावाचं लालसर द्रव्य पाझरतं. निरोगी उंदीर ते स्वतःला चाटून-पुसून साफ करतो, म्हणून आपल्याला दिसत नाही. नोटा तपासायच्या जांभळ्या उजेडाच्या टॉर्चखाली ओल्या कापसावरचा तो डाग धरला तर पॉर्फिरिन गुलाबी चमकतं, रक्त चमकत नाही. झोपेतून उठल्यावर एखादा ठिपका दिसला तर सोडून द्यावं. दोन्ही डोळ्यांभोवती कडी झाली असेल, पुढच्या पंजांच्या आतल्या बाजूला लाल राप चढला असेल, दिवसभर तसाच असेल, तर अर्थ असा की उंदरानं स्वतःला साफ करणं सोडलं आहे. रोग कोणताही असो, बातमी ही आहे. अंगावरचे केस विस्कटून उभे राहणं आणि पाठीचं कुबड निघणं हीसुद्धा तीच बातमी.

मूत्रात किंवा मादीच्या योनीमार्गातून खरं रक्त दिसलं तर वेगळी गोष्ट. उंदरांना पाळी येत नसते. ‘असेल तसलं काही’ म्हणून सोडून देण्याची सोय इथे नाही.

गाठींबद्दल पुस्तिकेत सविस्तर आहे, मी एवढंच सांगतो: मादीचं स्तनांचं ऊतक गळ्यापासून जांघेपर्यंत पसरलेलं असतं. त्यामुळे काखेत, मानेखाली, अगदी मागच्या पायाजवळ आलेली गाठही स्तनाचीच असू शकते. त्यातल्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. पण त्या वाढतात, आणि झपाट्यानं वाढतात. वाटाण्याएवढी असताना काढलेली गाठ आणि लिंबाएवढी झाल्यावर काढलेली गाठ यांत शस्त्रक्रियेचा धोका सारखा नसतो. म्हातारपणी मादीनं पुढच्या पंजात खाऊ धरणं सोडलं, तोल जाऊ लागला, डोकं एका बाजूला कललं, तर पिट्युटरी ग्रंथीच्या गाठीचा संशय घेतला जातो. मात्र कललेलं डोकं कानाच्या आतल्या संसर्गानंही होतं, आणि तो औषधानं बरा होऊ शकतो. म्हणून ‘म्हातारी झाली’ हा निदानाचा शब्द मानू नये.

आता वजनकाटा. केकसाठी मैदा मोजायचा डिजिटल काटा एचएसआरच्या निम्म्याशिम्म्या स्वयंपाकघरांत असावा असा माझा अंदाज. त्यावर झाकणाचा डबा ठेवायचा, आकडा शून्यावर आणायचा, उंदीर आत, आकडा वहीत. आठवड्यातून एकदा, ठरल्या वारी. मोठी मादी साधारण अडीचशे-तीनशे ग्रॅमची असते, नर साडेचारशे-पाचशेपर्यंत जातो; पण हे आकडे विसरलात तरी चालेल. आपल्या उंदराचं वजन दहा टक्क्यांनी घटलं की डॉक्टर, एवढं पुरे. तीनशेच्या मादीत ते तीस ग्रॅम होतात, आणि तीस ग्रॅम डोळ्यांना दिसत नाहीत, हाताला लागत नाहीत. डॉक्टरला वही दाखवली की अर्धं काम होतं. ‘थोडा बारीक वाटतोय’ यावरून कोणालाच काही ठरवता येत नाही.

बाकीच्या खुणांवरून भरभर जातो, त्यांची पानं पुढे आहेतच. पिवळे-नारिंगी दात हे दुखणं नाही, प्रौढ उंदराचे दात तसेच असतात. वाकडे वाढून टाळूत घुसणारे दात हे दुखणं आहे. जाळीच्या तळावर ठेवलेल्या उंदरांच्या तळपायांना फोड येतात. जुन्या सुती साडीचे तुकडे अंथरूण म्हणून चांगले, पण सुटलेला दोरा बोटाला गुंडाळला जातो आणि एका रात्रीत बोट काळं पडतं; कडा शिवून घ्याव्यात. शेपटीला धरून उचलू नये, तिची कातडी सोलून निघू शकते. घशात चिकट घास अडकलेला उंदीर लाळ गाळतो आणि हनुवटी छातीला टेकवतो. उलटी करणं त्याच्या शरीराला जमतच नाही.

बेंगळुरूत उंदीर ठेवणं मुंबईपेक्षा सोपं, हे खरं आहे. पण ‘इथे कुठे उकाडा’ हा भ्रम २०२४च्या एप्रिलअखेरीस फिटला, पारा ३८ अंशांच्या वर गेला होता. उंदराला घाम येत नाही, तो शेपटीतून उष्णता बाहेर टाकतो. शेपटी तापलेली, अंग सैल, लाळ गळते आहे, असं दिसलं तर साधं पाणी शेपटीला आणि पंजांना लावत दवाखाना गाठावा. बर्फ लावू नये. पावसाळ्याचं वेगळं. अगर तलावाच्या आसपासच्या सखल भागानं काय होऊ शकतं हे २०२२च्या सप्टेंबरातल्या पुरात दाखवलं. तळमजल्यावर पाणी आलं की गटारातले उंदीर वर चढतात. त्यांच्या मुतातून लेप्टो पाळीव उंदरालाही होऊ शकतो आणि आपल्यालाही. सोसायटीत विषाच्या वड्या ठेवल्या असतील तर सुटलेला पाळीव उंदीर ती वडी खातो. त्यातली बरीचशी विषं रक्त गोठू देत नाहीत आणि परिणाम दिसायला काही दिवस जातात. खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी वडीचं वेष्टन घेऊन जावं. उदबत्ती, धूप, डासांची कॉइल, फिनेल या गोष्टी पिंजऱ्याच्या खोलीत नकोत. देवघर आणि पिंजरा शेजारीशेजारी ठेवलेली घरं मी पाहिली आहेत; भावना समजते, पण धूर फुप्फुसात जातो.

डॉक्टर. मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ सालचं. त्या काळी घोडा आणि गुरं हाच पशुवैद्यकाचा विषय होता. पुढे शहरांत कुत्री-मांजरं आली. उंदीर त्या रांगेत फार मागे उभा आहे, यात कोणा डॉक्टरचा दोष नाही. एचएसआरच्या सत्ताविसाव्या मेनवर आणि आसपास प्राण्यांचे दवाखाने आहेत, मात्र पाटीवर ‘पेट क्लिनिक’ असणं आणि आतल्या डॉक्टरनं उंदीर हाताळलेला असणं यांत अंतर असतं. म्हणून उंदीर ठणठणीत असतानाच फोन करावा. पक्षी, ससे, हॅमस्टर बघता का, हा पहिला प्रश्न. भूल वासाची देता का, आयसोफ्ल्युरेन आहे का, हा दुसरा. तिसरा जरा खोचक आहे, पण विचाराच: शस्त्रक्रियेआधी रात्रभर उपाशी ठेवायचं का? कुत्र्याला ठेवतात, कारण भुलेखाली उलटी श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. उंदराला उलटीच होत नाही, उलट उपासानं त्याची साखर उतरते. जो डॉक्टर हे जाणतो किंवा ‘माहीत नाही, वाचून सांगतो’ म्हणतो, त्याच्याकडे जावं. मोठं शिकवणी रुग्णालय हेब्बाळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात आहे, आउटर रिंग रोडनंच जायचं, पण शहराच्या दुसऱ्या टोकाला. संध्याकाळच्या वाहतुकीत अडकलात तर किती वेळ लागेल हे मी लिहायला नको. नेताना डब्यात पाण्याची बाटली लावू नका, ती गळते आणि उंदीर भिजतो. काकडीची फोड ठेवा. जोडीदार उंदीरही बरोबर घ्या. एकटा पडलेला उंदीर निम्मा तिथेच खचतो.

औषध घरी आणल्यावर एक चूक हमखास होते. डॉक्सिसायक्लिन कडू लागतं म्हणून ते दुधात किंवा दह्यात कालवलं जातं. दुधातलं कॅल्शियम औषधाला बांधून ठेवतं आणि ते पुरतं अंगी लागत नाही. थोड्याशा केळ्यात द्यावं. मात्रा या पुस्तिकेत कुठेही दिलेल्या नाहीत आणि ते मुद्दाम केलं आहे. तीनशे ग्रॅमच्या प्राण्यासाठी माणसाची गोळी चौथाई करून देण्याचे उद्योग होतात. त्या हिशेबात दशांश चिन्ह एक घर सरकलं तरी उंदीर जातो.

घरात लहान मुलं असतील तर शेवटून दुसरं प्रकरण आधी वाचा. उंदीर चावल्यावर ताप, सांधेदुखी, पुरळ आलं तर आपल्या डॉक्टरला ‘घरात उंदीर आहे’ हे सांगायलाच हवं. २०१७ साली अमेरिकेत पाळीव उंदरांतून माणसांना सोल विषाणूची लागण झाली, तेव्हाही घरात उंदीर आहे हे कळल्यावरच निदानाची दिशा मिळण्यासारखी होती. इथे संकोच केला तर उंदराबरोबर आपलंही दुखणं अंगावर निघतं.

शेवटचं प्रकरण दयामरणावर आहे. ते लिहावं की नाही यावर पुस्तिका करणाऱ्यांत वाद झाला, मी ठेवावं या बाजूचा होतो. मागचे पाय गेलेला म्हातारा उंदीर मऊ अंथरुणावर, बसल्या जागी खाऊ मिळाला तर महिना-दोन महिने मजेत काढू शकतो; त्याला घाईनं झोपवू नये. श्वासासाठी धडपडणारा, खाणं सोडलेला, औषधाला न जुमानणारा उंदीर मात्र ‘आपोआप जाईल’ म्हणून ठेवू नये, कारण आपोआप जाणं त्याच्या बाबतीत गुदमरून जाणं असतं. डॉक्टरला आधी पूर्ण भूल देऊन मगच इंजेक्शन देता येतं, तसं स्पष्ट मागावं. पहिल्या उंदरानंतर पिंजऱ्यात उरलेल्या दुसऱ्याकडे त्या आठवड्यात जास्त लक्ष द्या, त्याचं वजन एक दिवसाआड करा. वहीसाठी मागची कोरी पानं ठेवली आहेत. तारीख, वजन, श्वास आणि ‘आज काय वेगळं’ असे चार रकाने आखलेले आहेत. चौथा रकाना रिकामा राहिला तरी चालेल, पण तारीख टाका.

एचएसआर लेआउट, बेंगळुरू